बाष्पनशील तेले : गोव्यातील सुगंधी वनस्पती

सुगंधी वनस्पतींच्या पानांत, सालींत, फळांत व मुळांत सूक्ष्म ग्रंथी किंवा खास पेशी असतात आणि त्यांत साठणाऱ्या, हवेत सहज उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या मिश्रणाला बाष्पनशील तेल म्हणतात. खोबरेलाशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. खोबरेलाचा थेंब कागदावर पडला की डाग राहतोच. लिंबाच्या सालीतील तेलाचा मात्र थोड्या वेळाने दिसेनासा होतो.

अशा तेलात पुष्कळदा अनेक डझन संयुगे सापडतात, पण त्याचा स्वभाव दोन-चार प्रमुख घटकच ठरवतात. बहुतेक संयुगे टर्पीन वर्गातील, म्हणजे पाच कार्बन अणूंच्या आयसोप्रीन एककांवर रचलेली असतात; दोन एककांची ती मोनोटर्पिने, तीन एककांची ती सेस्क्विटर्पिने. या संयुगांवर पायाभूत काम करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा गट लहान पण जहाल आहे : लवंगेतील यूजेनॉल आणि दालचिनीच्या सालीतील सिनॅमाल्डिहाइड हे फिनिलप्रोपेनॉइड गटातले.

फोंडा तालुक्यातील कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागांत, पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी, वेलची अशी पिके एकत्र वाढतात. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेलेला औषधिग्रंथ यांपैकी बऱ्याच द्रव्यांची चर्चा करतो. दालचिनीचे झाड तर रसायनशास्त्राचा धडाच आहे : सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, पानाच्या तेलात यूजेनॉल आणि मुळाच्या सालीच्या तेलात कापूर प्रमुख असतो. म्हणून ‘दालचिनीचे तेल’ एवढेच सांगणे अपुरे ठरते.

गोव्याची खरी ओळख सांगणारे फळ मात्र तिरफळ. लिंबाच्या कुळातील, खोडावर काटे असलेल्या या झाडाचे वाळलेले फळ उकलते. आतले काळे, चकचकीत बी टाकून देतात आणि साल किंचित चेचून बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या रसातील आंबट कालवणात, घालतात. सालीच्या तेलात सॅबिनीन, पायनीन, लिमोनीन, टर्पिनेन-४-ऑल अशी मोनोटर्पिने व त्यांची ऑक्सिजनयुक्त रूपे आढळतात. जिभेला येणारी झिणझिणी मात्र या तेलाची नव्हे. ती सांशूलसारख्या अमाइडांमुळे येते आणि ही अमाइडे वाफेबरोबर उडत नसल्याने ऊर्ध्वपातित (वाफेने काढलेल्या) तेलात उतरत नाहीत. हळदीचेही तसेच : पिवळे कुर्क्युमिन तेलात येत नाही, आणि पानाचे तेल कंदाच्या तेलाहून निराळे असते. हळदीच्या पानांत गुंडाळलेल्या नागपंचमीच्या पातोळ्या मोदकपात्रात ठेवल्या की घरभर दरवळणारा वास हे वाफेने तेल काढण्याचेच घरगुती रूप आहे; फरक इतकाच की येथे वाफ थंड करून तेल वेगळे केले जात नाही. मोनोटर्पिनांचे उत्कलनबिंदू साधारण १५० ते १८० अंश सेल्सियस असले, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ती १०० अंशांच्या आतच निघून येतात.

ही तेले सूक्ष्मजीवांची वाढही रोखतात आणि या परिणामाचे मूळ त्यांच्या मेदप्रियतेत, म्हणजे मेदात सहज विरघळण्याच्या गुणात, आहे. त्यांचे रेणू जिवाणूच्या पेशीपटलात शिरतात, पटल सैल होते, पोटॅशियम आयन बाहेर झिरपतात आणि पेशीची ऊर्जानिर्मिती कोलमडते. ओव्यातील थायमॉल व लवंगेतील यूजेनॉल यांसारखी फिनॉले यात आघाडीवर असतात, त्यांच्या खालोखाल अल्डिहाइडे व अल्कोहोले. साधी हायड्रोकार्बने बहुधा मागे पडतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाह्यपटलाचे जादा कवच असल्याने ते सहसा अधिक चिवट ठरतात, आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा त्यांत विशेष हट्टी.

प्रयोगशाळेतील आकडे वाचताना सावध राहावे लागते. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जिवाणू पेरलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) ठेवलेल्या, तेल लावलेल्या चकतीतून ते नीट पसरत नाही आणि काही भाग उडूनही जातो. चकतीभोवतीचे वाढरहित वर्तुळ लहान दिसले म्हणून तेल निष्प्रभ ठरत नाही. म्हणून किमान रोधक संहतीची, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाची, द्रवमाध्यमातील चाचणी अधिक भरवशाची, मात्र तेथेही तेल पाण्यात मिसळून ठेवण्यासाठी वापरलेला पायसीकारक पदार्थ निष्कर्ष बदलू शकतो.

तिरफळामुळे माशाचे हुमण टिकते, असे गोव्यात सर्रास ऐकू येते. प्रस्तुत लेखकाला हा दावा फुगवलेला वाटतो. चार-सहा तिरफळांतून येणारे तेल आधीच थोडे, आणि त्यातला बराच भाग नारळाच्या रसातील मेदात विरघळून बसतो, त्यामुळे पाण्याच्या अंशात वाढणाऱ्या जिवाणूपर्यंत फारच कमी पोहोचते. हुमण दुसऱ्या दिवशी चांगले लागते ते आंबटामुळे आणि पुन्हा उकळल्यामुळे. तिरफळाचा वाटा त्यात प्रामुख्याने वासाचा.