बायबल ईश्वरप्रेरित का मानतात: कारणांच्या यादीमागचा इतिहास

भाकिते खरी ठरली. चाळीसएक लेखकांनी दीड हजार वर्षांत लिहूनही आशय एकच राहिला. उत्खननांनी पुष्टी दिली. हस्तलिखिते टिकली. वाचणाऱ्यांची आयुष्ये पालटली. आणि येशूने स्वतः शास्त्राला देवाचे वचन मानले. बायबलच्या ईश्वरप्रेरणेची कारणे सांगणारी कोणतीही पुस्तिका उघडा, थोड्याफार फरकाने हीच यादी समोर येते. यादी एकसंध दिसते खरी, पण तिच्यातले एकेक कारण वेगळ्या शतकात, वेगळ्या विरोधकाला उत्तर देताना घडले आहे. दुसऱ्या शतकातल्या रोमी अधिकाऱ्यापुढे मांडलेला युक्तिवाद एकोणिसाव्या शतकातल्या इतिहास-संशोधकापुढे नेला की लटपटतो. म्हणून प्रत्येक कारणाची जन्मकथा पाहिली की ते किती भार पेलू शकते हेही कळते.

दाव्याचे मूळ ग्रंथातच आहे. जुन्या करारातले (बायबलच्या पहिल्या, यहुदी शास्त्राच्या भागातले) संदेष्टे ‘परमेश्वर असे म्हणतो’ अशी सुरुवात करतात. नव्या करारात (येशू आणि त्याच्या अनुयायांविषयीच्या दुसऱ्या भागात) दोन वचने कायम पुढे केली जातात. प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे, असे २ तीमथ्य ३:१६ म्हणते. संदेष्टे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलले, असे २ पेत्र १:२१ म्हणते. ही वचने लिहिली गेली तेव्हा ‘शास्त्र’ म्हणजे मुख्यतः यहुदी शास्त्र होते. नव्या कराराचा संग्रह अजून बांधला गेला नव्हता. पौलाची पत्रे इतर शास्त्रलेखांच्या पंक्तीला बसवणारा उल्लेख २ पेत्र ३:१६ मध्ये येतो, आणि इथेच एक गाठ आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार युसेबियसने ज्या पुस्तकांबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) वाद आहे त्यांची नोंद केली. तिच्यात याकोब, यहूदा, २ व ३ योहान यांच्याबरोबर २ पेत्रही आहे. ईश्वरप्रेरणेसाठी सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या दोन वचनांपैकी एक अशा वादग्रस्त पत्रातले आहे. शिवाय ग्रंथाने स्वतःबद्दल दावा केला म्हणून तो सिद्ध होत नाही. असा दावा इतर धर्मग्रंथही करतात. ग्रंथ स्वतःबद्दल काय म्हणतो हे ठरवण्यापुरती ही वचने उपयोगी आहेत, त्यापुढे नाहीत.

यहुदी परंपरेत पहिल्या शतकापर्यंत ही धारणा पक्की झाली होती. यहुदी इतिहासकार जोसेफसने त्या शतकाच्या अखेरीस लिहिले की आपल्याकडे फक्त २२ ग्रंथ प्रमाण आहेत आणि इतका काळ लोटूनही त्यांत भर घालायला किंवा काटछाट करायला कोणी धजावले नाही. (हे बहुधा आजच्या हिब्रू शास्त्रातले २४ ग्रंथच, मोजणी वेगळी. प्रॉटेस्टंट बायबलात तोच मजकूर ३९ पुस्तकांत विभागला आहे.) अलेक्झांड्रियाच्या फायलो या यहुदी तत्त्वज्ञाने तर ग्रीक भाषांतरालाही प्रेरित मानले. भाषांतरकार स्वतंत्रपणे काम करत असूनही सर्वांनी शब्दन् शब्द सारखा लिहिला, असे तो सांगतो.

भाकितांचा युक्तिवाद दुसऱ्या शतकात धारदार झाला, त्याचे कारण विरोधकांच्या आक्षेपात आहे. येशूचे चमत्कार म्हणजे जादूटोणा, असे टीकाकार म्हणत. चमत्कार सांगून उपयोग नव्हता. जादू त्या काळी सगळ्यांनाच खरी वाटे. म्हणून इ.स. १५५ च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात वेगळी वाट धरली: या घटना घडण्याच्या शेकडो वर्षे आधी लिहिलेले ग्रंथ यहुद्यांच्या हाती आहेत, तेच पाहा. पुरावा विरोधी पक्षाच्या ताब्यातला, त्यामुळे तो ख्रिस्ती लोकांनी रचल्याचा आरोप करता येत नव्हता. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने त्यात भर घातली की, छळ होत असतानाही ही शिकवण सर्वत्र पसरली, हेही तिच्या दैवी उगमाचे चिन्ह आहे.

भाकिताचा पुरावा टिकायला तीन अटी लागतात. मजकूर घटनेआधीचा असल्याचे सिद्ध व्हावे, विधान नेमके असावे, आणि ते खरे करणे माणसांच्या हाती नसावे. पहिल्या अटीवर घाव घातला तो तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने. दानीएलाच्या पुस्तकात ग्रीक राजा अंतियोख एपिफानेसने केलेल्या यहुद्यांच्या छळापर्यंतचा, म्हणजे इ.स.पू. १६७ च्या आसपासचा तपशील अचूक आहे आणि पुढचा नाही. तेव्हा पुस्तक बाबेलच्या बंदिवासातले (इ.स.पू. सहाव्या शतकातले) नसून त्याच छळाच्या काळातले आहे, असे तो म्हणाला. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने आपल्या दानीएल-भाष्यात त्याला उत्तर दिले. त्यातला मुद्दा आजही वापरला जातो: भाकीत इतके अचूक आहे की विरोधकाला ते घटनेनंतरचे मानावे लागले. पण आज बहुसंख्य अभ्यासक कालनिर्णयाच्या बाबतीत पॉर्फिरीच्या बाजूला आहेत. अचूकपणाच आक्षेपाचे कारण बनला, ही या युक्तिवादाची कायमची अडचण.

कोरेशाच्या नावाचे उदाहरण असेच आहे. यशया ४४:२८ आणि ४५:१ मध्ये प्राचीन इराणचा राजा कोरेश (सायरस) नावानिशी येतो. यशया हा संदेष्टा इ.स.पू. आठव्या शतकातला, कोरेशाने बाबेल जिंकले इ.स.पू. ५३९ मध्ये. सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्यापासून अनेकांनी हा ठळक पुरावा मानला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र अध्याय ४० पुढचा भाग बंदिवासातल्या दुसऱ्या लेखकाचा, हे मत रूढ होत गेले. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत अध्याय ४० एका स्तंभाच्या शेवटच्या ओळीवर सुरू होतो, मध्ये मोठी फट नाही. हे एकाच लेखकाचे चिन्ह म्हणून दाखवले जाते, पण गुंडाळी कोरेशानंतर चारशे वर्षांनी नकललेली आहे. तोवर पुस्तक एकत्र झाले होते एवढेच तिच्यावरून कळते. यशया ५३ बाबत तिचा खरा उपयोग होतो. दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय येशूच्या आधीपासून होता याबद्दल तिने शंका ठेवली नाही. तो सेवक कोण, हा वाद मात्र कायम आहे. अकराव्या शतकातल्या राशीपासून यहुदी भाष्यकार बहुतांशी त्यात इस्राएल राष्ट्र पाहतात.

सोर नगराचे भाकीत वापरताना तर फारच जपावे लागते. यहेज्केल २६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर उद्ध्वस्त करील, दगड-माती पाण्यात टाकली जाईल, असे आहे. अलेक्झांडरने इ.स.पू. ३३२ मध्ये जुन्या नगराच्या अवशेषांनी समुद्रात बांध घालून बेटावरचे शहर घेतले, म्हणून हे वचन नेहमी सांगितले जाते. मात्र त्याच पुस्तकातला २९:१८ कबूल करतो की नबुखद्नेस्सरच्या सैन्याला सोरातून काहीच मोबदला मिळाला नाही. ‘तू पुन्हा वसणार नाहीस’ म्हटलेले सोर पुढे वसलेही. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौल तिथे सात दिवस राहतो. अर्धे वचन सांगून उरलेले झाकले की ऐकणारा स्वतः पुस्तक उघडतो आणि मग चांगली उदाहरणेही त्याला संशयास्पद वाटतात.

प्रेरणा नेमकी कशी होते, हा प्रश्न सुरुवातीला फारसा कोणाला सतावत नव्हता. बासरीवाल्याने बासरी फुंकावी तसा आत्म्याने संदेष्ट्यांचा उपयोग केला, असे ख्रिस्ती लेखक अथेनागोरसने इ.स. १७७ च्या सुमारास लिहिले. पण त्याच काळात मोंटानस आणि त्याचे अनुयायी भान हरपून भविष्य सांगू लागले. त्यांच्याशी झालेल्या वादात खरा संदेष्टा शुद्धीवर राहून बोलतो, यावर मंडळीने भर दिला. लेखकाची बुद्धी, शैली, स्मरण जागे ठेवूनच देव बोलला, ही पुढची मुख्य भूमिका तिथून बळकट झाली. धर्मगुरू आणि विचारवंत ऑगस्टिनने इ.स. ४०५ च्या सुमारास जेरोमला लिहिलेल्या पत्रात विसंगतीसाठी एक नियम घालून दिला: प्रमाणग्रंथात सत्याविरुद्ध काही दिसले तर एकतर प्रत सदोष असेल, किंवा भाषांतरकार चुकला असेल, किंवा मला समजले नसेल. सोळाशे वर्षे हा नियम वापरात आहे. त्याचे सामर्थ्य आणि त्याची त्रुटी एकच: लेखक चुकला, हा चौथा पर्याय तो आधीच वगळतो. श्रद्धावानाला तो मार्ग दाखवतो, शंका घेणाऱ्याला पुरावा देत नाही.

सोळाव्या शतकात प्रश्नच बदलला. बायबल देवाचे आहे यावर रोम (कॅथलिक मंडळी) आणि प्रॉटेस्टंट सुधारक दोघांचे एकमत होते. ते कोणाच्या साक्षीने मानायचे, यावर भांडण होते. कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी पुस्तकांची यादी ठरवून दिली. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. कॅल्विनचे म्हणणे होते की शास्त्राचा अधिकार मंडळीच्या निर्णयावर टेकत नाही, पवित्र आत्म्याची अंतःकरणातली साक्षच खात्री देते. त्याने प्राचीनत्व, भाकिते, साधी पण भारदस्त भाषा, जतन, हुतात्म्यांचे रक्त अशी बाह्य कारणेही मांडली, मात्र दुय्यम आधार म्हणून. १६४६ मध्ये पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही आशयाची दिव्यता, सर्व भागांची एकवाक्यता वगैरे कारणे देऊन लगेच म्हटले आहे की पूर्ण खात्री आत्म्याच्या कार्यातूनच होते. आजच्या याद्या याच लेखनातून उतरल्या आहेत. गळाले ते नेमके हे शेवटचे वाक्य. मदतनीस म्हणून नेमलेली कारणे मग एकट्याने सगळा भार वाहू लागली.

अति ताणल्यावर काय होते याचा नमुना १६७५ चा. हिब्रू लिपीत मुळात व्यंजनेच लिहीत. स्वरचिन्हे मासोरेती (हिब्रू पाठ जपणाऱ्या यहुदी) पंडितांनी इ.स.च्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात जोडली. प्रॉटेस्टंट विद्वान लुई कापेलने १६२४ मध्येच हे दाखवले होते. तरी स्वित्झर्लंडमधल्या सुधारित मंडळ्यांनी १६७५ च्या आपल्या मतपत्रात स्वरचिन्हांनाही प्रेरणेच्या कक्षेत घेतले. भीती अशी होती की स्वर अनिश्चित ठरले तर अर्थही अनिश्चित ठरेल. काही दशकांतच ते मतपत्र बाजूला पडले.

त्यानंतर खरी कसोटी आली. स्पिनोझा १६७०, रिशार सिमों १६७८, आणि १८७८ मध्ये वेलहाउझेन: पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तके) एकट्या मोशेचा नसून अनेक स्रोतांतून जुळवलेला आहे, हे मत क्रमाने पक्के झाले. ‘चाळीस लेखक, दीड हजार वर्षे’ या आकड्याची अडचण इथे उघड होते. मोशे इ.स.पू. पंधराव्या शतकात लिहीत होता असे धरले तरच दीड हजार वर्षे भरतात. एकवाक्यतेच्या मुद्द्यातही दोन गोष्टी वजा कराव्या लागतात: नंतरचे लेखक आधीचे ग्रंथ वाचून लिहीत होते, आणि न जुळणारी पुस्तके संग्रहात घेतली गेली नाहीत.

उत्तरे दोन दिशांनी आली. अमेरिकेत ए. ए. हॉज आणि वॉरफिल्ड यांनी १८८१ मध्ये मांडले की निर्दोषत्व मूळ लेखकांच्या हातच्या प्रतींना लागू आहे, नकलांना नाही. बायबलच्या निर्दोषत्वावरच्या १९७८ च्या शिकागो निवेदनाच्या १९ कलमांतही हीच मर्यादा आहे. तशी एकही मूळ प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे हा दावा तपासताही येत नाही आणि खोडताही येत नाही. कॅथलिक बाजूने पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये स्पष्ट केले की ही पुस्तके मंडळीने मान्यता दिल्यामुळे पवित्र झालेली नाहीत, देव त्यांचा कर्ता आहे म्हणून ती पवित्र आहेत. १९६५ मध्ये दुसऱ्या परिषदेने, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून हवे होते ते ही पुस्तके निर्दोषपणे शिकवतात, असे शब्द निवडले. राजांच्या सनावळीतल्या तफावतीमुळे होणारी धावपळ त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

उत्खननांचा मुद्दा सर्वांत तरुण. १९०६ पासून हत्तुशाच्या खोदकामात बायबलात उल्लेख असलेल्या हित्ती लोकांच्या राज्याची दप्तरे मिळाली, १९६१ मध्ये कैसरियात येशूला मृत्युदंड देणारा रोमी अधिकारी पिलात याचे नाव कोरलेला दगड, १९९३ मध्ये तेल दान येथे ‘दावीदाच्या घराण्याचा’ उल्लेख असलेला मानला जाणारा इ.स.पू. नवव्या शतकातला अरामी लेख. दुसरीकडे ज्या यरीहोचे तट यहोशवापुढे कोसळल्याचे बायबल सांगते तिथे पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांना १९५२ ते १९५८ च्या उत्खननात यहोशवाच्या काळातली तटबंदी सापडली नाही. येशूचा जन्म शिरगणतीच्या आणि हेरोद राजाच्याही काळात सांगितला आहे, पण लूक २ मधली क्विरीनियसची शिरगणती इ.स. ६ ची आणि हेरोदाचा मृत्यू बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ चा, ही गाठही सुटलेली नाही. मुख्य म्हणजे पिलात होता हे सिद्ध झाल्याने लेखकाला माहिती होती एवढेच ठरते. खरी माहिती देणारा इतिहासकार ईश्वरप्रेरित असतोच असे नाही.

हस्तलिखितांचेही तेच. कुमरानची यशयाची गुंडाळी सुमारे ७.३४ मीटर लांब, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरची; तोवर हाती असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा हजारएक वर्षांनी जुनी. फरक शेकडोंनी आहेत, पण बहुतेक लेखनपद्धतीचे. याच गुहांमध्ये यिर्मयाच्या आखूड हिब्रू पाठाचे तुकडेही मिळाले. ग्रीक भाषांतरात ते पुस्तक सुमारे एक अष्टमांशाने लहान का, याचे उत्तर त्यांतून मिळते: दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रचारात होत्या. नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांची नोंद आहे. म्हणूनच मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३–८:११ सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत हेही कळते. जतन चांगले झाले, यावरून लेखक काय म्हणाला ते कळते. तो खरे बोलला का, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून जाणकार समर्थक आज यादीऐवजी साखळी वापरतात. शुभवर्तमाने आधी साधी ऐतिहासिक साधने म्हणून तपासायची, प्रेरित मानून नव्हे. त्यांतून येशूचा शास्त्राविषयीचा दृष्टिकोन काढायचा (मत्तय ५:१८, मार्क १२:३६, योहान १०:३५). पुनरुत्थानाच्या आधारे त्याचा अधिकार मान्य करायचा आणि त्याच्या शब्दावर जुना करार स्वीकारायचा. वर्तुळाकार युक्तिवादाचा आरोप यामुळे टळतो. सगळा भार मात्र पुनरुत्थानाच्या कडीवर येतो; ती ज्याला पटत नाही त्याच्यासाठी पुढे काही उरत नाही. नव्या करारापाशी साखळी सर्वांत बारीक होते. पवित्र आत्मा शिकवील आणि सत्याकडे नेईल, ही योहान १४:२६ आणि १६:१३ मधली अभिवचने शिष्यांना दिलेली आहेत. मार्क आणि लूक त्या बारा जणांत नव्हते, आणि इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले ते देवालाच ठाऊक, असे ओरिजेननेच म्हटले होते. सत्तावीस पुस्तकांची आजच्यासारखी यादी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनाशियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. ही शेवटची कडी जोडताना प्रॉटेस्टंट समर्थकाला सुरुवातीच्या मंडळ्यांच्या निवडीवर विसंबावे लागते, आणि कॅथलिक विद्वान इथे हटकून ऑगस्टिनचे दुसरे वाक्य काढतात: मंडळीच्या अधिकाराने मला प्रवृत्त केले नसते तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता.