चीट कोड आले कुठून?

1986 साली जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे एक काम होतं. आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर, गाजलेला ‘ग्रेडियस’ हा अवकाशयानाचा गेम घरच्या निन्टेंडो कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, आणायचा. तपासणीसाठी तो पुन्हापुन्हा खेळावा लागणार, आणि गेम इतका अवघड की खुद्द हाशिमोतोंनाच झेपेना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक सोय करून ठेवली. गेम पॉज करायचा आणि दाबायचं: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. यानाला जवळपास सगळी शस्त्रं एकदम मिळत. गेम बाजारात गेला तेव्हा ही सोय आत तशीच राहिली. खेळ सोपा करणाऱ्या अशा छुप्या क्रमाला किंवा शब्दाला चीट कोड म्हणतात.

1988 मध्ये कोनामीच्याच ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेमच्या अमेरिकी आवृत्तीत हाच क्रम दाबला की तीनऐवजी तीस लाइफ मिळू लागल्या आणि ‘कोनामी कोड’ जगभर पसरला. टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमवर कॉन्ट्रा खेळलेली आपल्याकडची पिढीही त्या तीन लाइफचा जाच विसरलेली नसेल. एक गोळी लागली की एक लाइफ गेली, दुसरी संधी नाही.

अडलेल्या खेळाडूला हात देण्याची खटपट मात्र त्याआधीच सुरू झाली होती, आणि मला या इतिहासातला सगळ्यात देखणा भाग तोच वाटतो. अमेरिकेतली इन्फोकॉम कंपनी ‘झोर्क’सारखे नुसत्या मजकुरावर चालणारे गेम काढायची. अडलेले लोक मदत मागायला पत्रं पाठवत. त्यातून माइक डॉर्नब्रूक यांनी ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका काढल्या. प्रश्न साध्या शाईत छापलेला, उत्तरं अदृश्य शाईत. सोबतचा मार्कर फिरवला की अक्षरं उमटत. पहिलं उत्तर म्हणजे नुसता इशारा, दुसरं जरा स्पष्ट, शेवटचं थेट तोडगा. प्रश्न वाचूनच पुढचं कळू नये म्हणून मध्ये काही खोटे प्रश्नही पेरलेले असत. खेळाडूला हवी तेवढीच मदत मिळावी, बाकीचं कोडं त्याचं त्यानेच सोडवावं, याची इतकी काळजी पुढे फार कमी जणांनी घेतली.

मग प्रश्न आला हक्काचा. विकत घेतलेला गेम आपल्याला हवा तसा बदलून खेळता येतो का? ब्रिटनच्या कोडमास्टर्सने बनवलेलं ‘गेम जीनी’ हे यंत्र कार्ट्रिज (गेमची कॅसेट) आणि कन्सोल यांच्यामध्ये बसायचं आणि लाइफ, वेग, उडी सगळं बदलून द्यायचं. अमेरिकेत ते विकणाऱ्या गलूब कंपनीची निन्टेंडोशी कोर्टात जुंपली, आणि निन्टेंडोने काही काळ विक्रीही बंद पाडली. 1992 मध्ये अपील कोर्टाने निकाल गलूबच्या बाजूने दिला. या यंत्रातून मूळ गेमवर बेतलेली नवी कलाकृती तयार होत नाही, म्हणजे कॉपीराइटचा भंग होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. माझ्या मते हा निकाल अगदी रास्त होता. घरी एकट्याने खेळणाऱ्याने तीस लाइफ घेतल्या तर कुणाचं काय बिघडतं?

महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये चीट कोड घट्ट रुजले ते ‘जीटीए व्हाइस सिटी’मुळे. हा गेम 2002 चा, कॉम्प्युटरवर आला 2003 मध्ये. वहीच्या मागच्या पानावर कोडची यादी असायची. ‘पँझर’ टाइप केलं की समोर रणगाडा हजर, ‘लीव्ह मी अलोन’ टाइप केलं की मागे लागलेले पोलीस गायब. मिशन कुणाला करायची होती? रणगाडा घेऊन शहरभर हिंडणं हाच खेळ होता.

ऑनलाइन गेम आले आणि चित्र बदललं. समोर दुसरा माणूस खेळत असताना चीट वापरून भिंतीपलीकडचं बघणं म्हणजे सरळ फसवणूक, त्यामुळे तिथे बंदी योग्यच. पण एकट्याने खेळायच्या गेममधूनही फुकटचे कोड कमी होत गेले आणि त्यांची जागा विकतच्या सोयींनी घेतली. ‘कँडी क्रश’मध्ये जादा चाली आणि बूस्टर पैसे मोजून मिळतात. मग लेव्हल अवघड ठेवण्यात कंपनीचाच फायदा असतो, आणि मला हे खटकतं.

उलट उदाहरणंही आहेत. 2018 च्या ‘सेलेस्ट’ या अवघड गेममध्ये ‘असिस्ट मोड’ आहे. वेग कमी करा, दम अमर्याद करा, हवं तर मरणच बंद करा. हे सगळं मेनूतच दिलेलं आहे, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.