ओळख परेडची पार्श्वभूमी

अनोळखी माणसाचा चेहरा क्षणभर पाहून लक्षात ठेवणे आणि नंतर शब्दांत सांगणे किती कठीण असते, हे पोलीस ठाण्यातील फिर्यादी वाचल्या की कळते. ‘वय अंदाजे 25 ते 30, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, अंगात निळा शर्ट’ हे वर्णन कोणत्याही फिर्यादीत बसू शकते. चेहरा आपण नाक, डोळे, ओठ असा सुटा नव्हे तर एकत्रित पाहतो आणि शब्द मात्र सुट्या भागांनाच असतात; शिवाय हातात शस्त्र असेल तर नजर चेहऱ्याऐवजी शस्त्रावर खिळते. दरोड्याची चित्रफीत पाहून चेहऱ्याचे शब्दांत वर्णन केलेल्यांना तोच चेहरा पुढे ओळखणे अधिक अवघड गेले, असे 1990 साली एका प्रयोगात आढळले, आणि 2014 साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या फेरतपासणीतही तो परिणाम दिसून आला. म्हणून नुसत्या वर्णनावर न थांबता संशयिताला इतर माणसांसोबत रांगेत उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात; हीच ओळख परेड.

इंग्लंडमध्ये 1896 साली अनेक स्त्रियांनी खात्रीने ओळखलेल्या एका निरपराध माणसाला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली आणि 1904 साली तशाच साक्षींवर तो पुन्हा दोषी ठरला. त्या प्रकरणानंतर तेथे 1907 साली फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय आले. आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 9 मध्ये ओळख पटवणाऱ्या तथ्यांचा उल्लेख होता, पण परेड कोणी आणि कशी घ्यावी याविषयी त्यात काहीच नव्हते.

खरा पेच पोलिसांनी घेतलेल्या परेडवरून निर्माण झाला. तपासात पोलिसांपुढे केलेले कथन फिर्यादी पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही. मग रांगेतल्या माणसाकडे साक्षीदाराने नुसते बोट दाखवले, तर ते कथन मानायचे का? यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. मुंबईतील एका बँक दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली निर्णय दिला की, बोट दाखवणे हेही कथनच आहे आणि पोलिसांनी बाजूला होऊन परेड पूर्णपणे पंचांच्या हाती सोपवली असेल तरच ती या मनाईतून सुटते. हा निर्णय योग्यच होता, कारण साक्षीदाराच्या स्मृतीवर सर्वाधिक दडपण तपास करणाऱ्याच्या उपस्थितीचे असते. आता महाराष्ट्रात परेड सामान्यतः विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात. एका संशयितासोबत साधारण सारख्या वयाची व ठेवणीची किमान सहा माणसे उभी करावीत, संशयिताला रांगेतली जागा निवडू द्यावी आणि साक्षीदाराला तो आधी दिसू नये, असे अपेक्षित असते. संशयिताला बुरखा घालून नेले जाते ते याचसाठी.

मात्र याच परेडला कायद्याने दुय्यम स्थान दिले. न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहून पटवलेली ओळख हा मूळ पुरावा आणि परेड ही केवळ पुष्टी, असे सर्वोच्च न्यायालय सातत्याने सांगत आले. परेड घेतली नाही म्हणून न्यायालयातील ओळख बाद होत नाही, हे 2003 सालीही त्याने स्पष्ट केले, जरी परेडविना प्रथमच पटवलेल्या ओळखीला पुष्टीची गरज सहसा मानली जाते. स्मृतीच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. घटनेनंतर थोड्या दिवसांत सात जणांतून केलेली निवड अधिक विश्वासार्ह असते. त्याउलट खटला वर्षांनी उभा राहतो तेव्हा पिंजऱ्यात एकटाच माणूस असतो, त्याचे छायाचित्र दरम्यान वृत्तपत्रांत आलेले असू शकते, आणि साक्षीदाराला आठवतो तो गुन्ह्याच्या वेळचा चेहरा की परेडमधला, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 च्या दुरुस्तीने कलम 54अ आले आणि अटकेतील व्यक्तीला ओळखीसाठी हजर राहण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. साक्षीदाराला मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असल्यास दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि चित्रीकरणासह ओळख घ्यावी, ही तरतूद 2013 साली जोडली गेली. दि. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत या तरतुदी जवळपास तशाच आल्या. चित्रीकरणाचे बंधन त्या कलमात आजही अपंग साक्षीदारापुरतेच आहे. इतर साक्षीदार रांगेपुढे किती वेळ थांबला, किती खात्रीने बोलला, हे दंडाधिकाऱ्याने त्या वेळी नोंदवले असेल तरच न्यायालयापुढे येते.