एसटीके-५००

एसटीके-५०० हा ॲटमेल कंपनीने एव्हीआर या ८-बिट मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) मालिकेसाठी काढलेला डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे चिप बसवून तिच्यावर प्रोग्रॅम चढवून पाहायचा बोर्ड. एव्हीआरची मूळ कल्पना नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोल्लान यांची. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली.

हा बोर्ड कोणत्याही एका चिपला बांधलेला नाही. ८ पिनांपासून ४० पिनांपर्यंतच्या चिपसाठी त्यावर वेगवेगळी सॉकेट आहेत. चिप ज्या सॉकेटात बसवली, त्याच्याच रंगाच्या सहा पिनांच्या हेडरला (बोर्डावर उभ्या पिनांच्या जोडणीला) प्रोग्रॅमिंगची केबल लावायची. ६४ पिनांच्या चिपसाठी एसटीके-५०१ हा पूरक बोर्ड वर बसतो. चिपला मिळणारा व्होल्टेज आणि क्लॉक (चिपच्या कामाचा ठोका) संगणकावरून बदलता येतात.

आठ एलईडी आणि आठ बटणे बोर्डावरच असली, तरी ती चिपला आधीपासून जोडलेली नसतात. प्रत्येक पोर्टच्या (चिपच्या पिनांच्या गटाच्या) आठ रेषा, व्होल्टेज आणि ग्राउंड दहा पिनांच्या हेडरवर आणून ठेवलेले असतात. कोणता पोर्ट कशाला जोडायचा, ते वापरणाऱ्याने चपट्या केबलीने ठरवायचे. केबल विसरली, तर प्रोग्रॅम बिनचूक असूनही बोर्ड ढिम्म राहतो. नवखा हमखास फसतो तो आणखी एका ठिकाणी: पिनवर ० आला की एलईडी पेटतो आणि बटण दाबले की ० वाचला जातो. सगळे दिवे लावावेत म्हणून पोर्टवर ०xएफएफ (म्हणजे आठही पिनांवर १) लिहावे, तर सगळे विझतात.

बोर्डाचा खरा उपकार मात्र चिप ‘मेल्यावर’ कळतो. चुकीचा फ्यूज-बिट (चिपची मूळ मांडणी ठरवणारा बिट) लिहून रिसेटची, म्हणजे चिप पुन्हा सुरू करायची, पिन साधी पिन करून टाकली, की नेहमीच्या केबलीने त्या चिपशी पुन्हा बोलता येत नाही. अशा वेळी एसटीके-५०० रिसेटवर १२ व्होल्ट देऊन ती पुन्हा प्रोग्रॅम करतो. स्वस्त प्रोग्रॅमरांना हे सहसा जमत नाही.

संगणकाशी बोलायची त्याची सीरियल भाषा पुढे आर्डुइनो उनो या एव्हीआर चिपवरच्या बोर्डाच्या बूटलोडरने (चिपमध्ये प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) उचलली. म्हणून संगणकाचा चुकीचा सीरियल पोर्ट निवडून उनोवर स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चढवायला गेले, तर पडद्यावर ‘एसटीके५००’ची तक्रार उमटते, टेबलावर तो बोर्ड कधी आलेलाच नसतो.