बेसबॉलमधला पिचर फ्री एजंट कसा होतो: पात्रता, तारखा आणि कागदपत्रं

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतला बेसबॉल सीझन संपतो आणि वेगळ्याच बातम्या चालू होतात, अमक्या पिचरने (बॉल टाकणाऱ्या खेळाडूने) क्वालिफायिंग ऑफर नाकारली, तमका ऑप्ट आउट झाला, जपानमधून कोणीतरी पोस्ट झाला. न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना मुलांमुळे हा खेळ बघायची सवय लागलीये त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, की हा माणूस परवापर्यंत या टीमचा होता तर आज मोकळा कसा झाला, आणि हा झाला तर त्याच टीममधला दुसरा तितकाच चांगला पिचर का नाही झाला. तर ती प्रोसेस एकदा नीट सांगतो. फक्त पिचरपुरतंच सांगतो कारण त्यांचं प्रकरण बॅटरपेक्षा जरा नाजूक असतं, त्यांच्या बाबतीत खऱ्या कामाच्या गोष्टी दोनच, सर्व्हिसचे दिवस किती भरले आणि खांदा-कोपराचा एमआरआय काय म्हणतोय, बाकी सगळे आकडे त्यानंतर.

आधी एक डोक्यातून काढा, आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. ठरलेला दिवस नाही, बेस प्राइस नाही, हातोडा नाही. एजंट एकाच वेळी पाच-सात टीमशी बोलत असतो आणि डील नोव्हेंबरमध्ये होतं नाहीतर मार्चमध्ये स्प्रिंग ट्रेनिंग अर्धं उरकल्यावरही होतं.

पात्रता: सहा वर्षं, पण कॅलेंडरची नव्हे

मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ६ वर्षं सर्व्हिस भरली आणि पुढच्या वर्षाचा करार हातात नसला की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. आता हे वर्ष कसं मोजतात ते बघा. सीझन साधारण १८७ दिवसांचा असतो पण १७२ दिवस मेजर लीगच्या रोस्टरवर (टीमच्या यादीत) काढले की एक वर्ष धरतात, आणि त्याच्यावर कितीही दिवस झाले तरी एकच वर्ष. मायनर लीगचे, म्हणजे खालच्या तयारीच्या लीगचे, दिवस यात येत नाहीत, तिथे कोणी पाच वर्षं घासली असली तरी या हिशोबात शून्य. सर्व्हिस लिहितात ती ५.१७१ अशी, याला दशांश समजू नका, हे आहे ५ वर्षं आणि १७१ दिवस, म्हणजे एका दिवसाने हुकलं आणि अख्खं वर्ष अजून त्याच टीमकडे.

टीमवाले हे मुद्दाम करतात का, तर करतात, कबूल कोणी करत नाही. गाजलेलं उदाहरण बॅटरचं आहे, क्रिस ब्रायंट, शिकागो कब्जने २०१५ मध्ये त्याला सीझन सुरू झाल्यावर काही दिवसांनी वर बोलावलं आणि त्याचे बरोब्बर १७१ दिवस भरले, त्याने तक्रार केली आणि २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. त्यानंतर मालक आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या २०२२ च्या करारात एक पळवाट बुजवली, रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) मतदानात पहिल्या दोनात आलात तर दिवस कमी भरले तरी पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला पहिली मॅच खेळला, म्हणजे १७२ दिवस भरणं शक्यच नव्हतं, पण तो नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर झाला आणि वर्ष पूर्ण धरलं गेलं, त्यामुळे तो २०२९ च्या सीझननंतर मोकळा होऊ शकतो, नाहीतर २०३० उजाडलं असतं. पिचरच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे काय हे ज्याचं कोपर एकदा फाटलंय त्याला विचारा.

यात पिचरच्या फायद्याचा एक नियम आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. मेजर लीगच्या इंज्युअर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत) असताना दिवस मोजले जातात आणि पगारही चालू असतो. म्हणजे टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन) झाली आणि वर्षभर एक बॉल टाकला नाही तरी सर्व्हिस वाढतच राहते. पण तीच दुखापत मायनर लीगच्या लिस्टवर असताना झाली तर काही नाही. तसंच ऑप्शन करून, म्हणजे करार तसाच ठेवून, मायनर लीगमध्ये पाठवलं आणि सीझनमध्ये एकूण २० दिवसांच्या आत खाली ठेवलं तर ते दिवस परत मिळतात, २० झाले की गेले.

सहा वर्षं होईपर्यंत काय? पहिली साधारण तीन वर्षं टीम देईल तो पगार, किमान मात्र ठरलेला आहे, २०२६ साठी ७ लाख ८० हजार डॉलर. मग पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन (पगारासाठी लवाद), टीम आणि खेळाडू आपापला आकडा देतात आणि प्रकरण पॅनलपुढे गेलंच तर त्या दोनांतला एकच आकडा निवडला जातो, मधला नाही. आणि टीमने आधीच सोडून दिलं, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आर्बिट्रेशनवाल्या पिचरला करारच देऊ केला नाही, तर तो सहा वर्षं न भरताही मोकळा होतो. यातून स्वस्तात चांगले रिलीव्हर (मॅचच्या मध्येच उतरणारे पिचर) मिळतात, माझ्या मते हिवाळ्यातला सगळ्यात मजेशीर बाजार हाच, पण हेडलाइन कोणी देत नाही.

हे सहाच का ते सांगतो, कारण ते पिचरांनीच मिळवलंय. पूर्वी रिझर्व्ह क्लॉज होता, करार संपला तरी टीमचा हक्क संपत नसे. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने ट्रेड (दुसऱ्या टीमकडे बदली) नाकारून कोर्टात लढाई केली, १९७२ ला सुप्रीम कोर्टात हरला. मग १९७४ मध्ये ओकलंडचा पिचर कॅटफिश हंटर, मालक चार्ली फिन्लीने करारातली ठरलेली अ‍ॅन्युइटी भरली नाही म्हणून लवाद पीटर साइट्झने त्याला मोकळा केला, आणि वर्ष संपता संपता यांकीजने त्याला पाच वर्षांसाठी तीस लाख डॉलरच्या वर पैसे देऊन उचलला, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी अँडी मेसरस्मिथने करारावर सही न करता अख्खा सीझन बॉल टाकले, डेव्ह मॅकनॅलीने आपलं नाव त्या केसला जोडलं, दोघंही पिचर, आणि २३ डिसेंबर १९७५ ला साइट्झनेच निकाल दिला की एक वर्ष सहीशिवाय खेळलं की टीमचा हक्क संपला. मालकांनी साइट्झला लगेच काढून टाकलं, निकाल मात्र टिकला. पुढे १९७६ मध्ये वाटाघाटीत सहा वर्षं ठरली, आणि गंमत म्हणजे खेळाडूंच्या युनियनचा मार्विन मिलर त्याला सहज तयार झाला, कारण सगळेच एकदम मोकळे झाले असते तर बाजारात माल जास्त होऊन भाव पडला असता, हे त्याला कळत होतं. मालकांपैकी फक्त फिन्लीला कळलं, तो म्हणत होता सगळ्यांना दरवर्षी मोकळं करा, त्याचं कोणी ऐकलं नाही.

अर्ज आणि तारखा

अर्ज करावा लागत नाही. पूर्वी वर्ल्ड सिरीज संपल्यावर पंधरा दिवसांत फाइल करावं लागायचं, आता दुसऱ्या दिवशी आपोआप यादीत नाव येतं. मग पाच दिवस थांबायचं, नव्या नियमाने बोलणी कुठल्याही टीमशी लगेच करता येतात पण सही पाच दिवसांनंतरच. २०२५ ची वर्ल्ड सिरीज १ नोव्हेंबरला संपली, त्यामुळे ६ तारखेच्या संध्याकाळपासून सह्या सुरू झाल्या. याच पाच दिवसांत करारातले ऑप्शन ठरतात, क्लब ऑप्शन म्हणजे टीमची मर्जी, प्लेअर ऑप्शन किंवा ऑप्ट आउट म्हणजे खेळाडूची. यात कधीकधी पत्ते उघडे पडतात. २०२४ मध्ये गेरिट कोल यांकीजच्या करारातून ऑप्ट आउट झाला, टीमला तो ऑप्ट आउट रद्द करायचा तर एक वर्ष आणि ३ कोटी ६० लाख डॉलर वाढवावे लागणार होते, ते टीमने दिले नाहीत, आणि शेवटी दोघांनी मिळून जुनाच करार चालू ठेवला. चार महिन्यांत मार्चमध्ये कोलची टॉमी जॉन झाली. बाहेर पडला असता तर काय झालं असतं याचा विचार त्याने केला असेलच.

मग क्वालिफायिंग ऑफर. जुनी टीम एका वर्षाची ठराविक रकमेची ऑफर देते, रक्कम लीगमधल्या सगळ्यात महाग १२५ पगारांची सरासरी, २०२५ च्या हिवाळ्यात २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर. अटी दोन, खेळाडू पूर्ण सीझन त्याच टीमकडे हवा आणि याआधी कधीही अशी ऑफर मिळालेली नको. नाकारली आणि दुसरीकडे गेला तर नव्या टीमचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, जातात, जुन्या टीमला एक मिळतो. म्हणून मधल्या दर्जाच्या पिचरला ही ऑफर गळ्यात लोढण्यासारखी होते, टीम म्हणतात पिचर आवडला पण पिक नाही घालवायचा.

ब्लेक स्नेलचं बघा. २०२३ ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) जिंकला, पॅड्रेसची ऑफर नाकारली आणि मार्चपर्यंत बसून राहिला, शेवटी जायंट्सकडे दोन वर्षांचे ६ कोटी २० लाख आणि मध्ये ऑप्ट आउट. वर्षभराने ऑप्ट आउट झाला, आता दुसऱ्यांदा ऑफर देताच येत नव्हती, पिकचं ओझं नाही, तर नोव्हेंबरमध्येच डॉजर्सने पाच वर्षांचे १८ कोटी २० लाख दिले. २०२५ मध्ये चौघांनी ऑफर घेतली त्यात दोन पिचर होते, मिलवॉकीचा ब्रँडन वुड्रफ, ज्याचं खांद्याच्या सर्जरीमुळे अख्खं २०२४ गेलं होतं, आणि कब्जचा शोटा इमानागा, ज्याचा क्लब ऑप्शन टीमने नाकारला, प्लेअर ऑप्शन त्याने नाकारला आणि मग हीच एक वर्षाची ऑफर घेऊन तो तिथेच राहिला. तब्येतीची शंका असलेल्या पिचरने ऑफर घ्यावी असंच मला वाटतं. डिलन सीझसारखा जो वर्षानुवर्षं आपली टर्न चुकवत नाही त्याने नाकारावी, त्याला टोरंटोने सात वर्षांचे २१ कोटी दिलेच.

जपानहून येणाऱ्यांसाठी

इथे खेळाडूच्या हातात फार नसतं. जपानी लीगमध्ये परदेशात जायला स्वतःच्या हक्काने मोकळं व्हायचं तर ९ वर्षं लागतात, त्याआधी यायचं तर टीमने पोस्ट करायला हवं, म्हणजे अमेरिकेतल्या टीमशी बोलायला सोडायला हवं, आणि टीम नाही म्हणाली की विषय संपला. पोस्ट केलं की ४५ दिवस, तेवढ्यात डील झालं नाही तर परत आपल्या जुन्या टीमकडे. वय २५ आणि सहा वर्षांचा प्रो अनुभव असेल तर कितीही रकमेचा करार चालतो, नाहीतर तो अमॅच्युअर धरला जातो आणि बोनसच्या छोट्या कोट्यात अडकतो. म्हणूनच योशिनोबू यामामोतोला डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने बारा वर्षांचे साडेबत्तीस कोटी डॉलर दिले आणि रोकी सासाकीला त्याच टीमने जानेवारी २०२५ मध्ये ६५ लाखांचा बोनस आणि मायनर लीगचा करार दिला, हातात फरक एवढा नव्हता हो, फरक वयाचा होता. सासाकी दोन वर्षं थांबला असता तर काय मिळालं असतं याची चर्चा खूप झाली, पण दोन वर्षं त्या वेगाने बॉल टाकून कोपर शाबूत राहीलच याची हमी कोण देणार.

जपानी टीमला फी वेगळी मिळते, पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावर १५. यामामोतोचा हिशोब केला तर ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर त्याच्या जुन्या टीमला, ऑरिक्सला. आधी आंधळी बोली असायची, २००६ मध्ये बोस्टनने मात्सुझाकाशी नुसतं बोलायचा हक्क मिळवायला ५ कोटी ११ लाखांच्या वर बोली लावली होती.

कागदपत्रं

एजंट युनियनकडे नोंदलेला हवा, ते झालंच. खरा कागद मेडिकल. बातमी आली की अमुक पिचर तमुक टीमकडे, तर ती नेहमी फिजिकल (डॉक्टरी तपासणी) पास होण्याच्या अटीवर असते, आणि हे पिचरांच्या बाबतीत नुसतं म्हणायला नाही. हिसाशी इवाकुमाचं डिसेंबर २०१५ मध्ये डॉजर्सशी तीन वर्षांचं ठरलं होतं, फिजिकलमध्ये अडलं, तो परत सिअ‍ॅटलला गेला. जेफ हॉफमनच्या बाबतीत जानेवारी २०२५ मध्ये खांद्याचे रिपोर्ट बघून आधी बोलणी झालेल्या टीम मागे सरल्या आणि टोरंटोने त्याला तीन वर्षांचे ३ कोटी ३० लाख दिले. कधी टीम मागे न सरता करारातच कलम घालते, बोस्टनने जॉन लॅकीच्या करारात २००९ ला लिहून घेतलं की कोपराने मोठा काळ बाहेर बसलास तर सहावं वर्ष किमान पगारात, झालंही तसंच, २०१२ पूर्ण बुडालं आणि २०१५ मध्ये तोपर्यंत सेंट लुईसकडे ट्रेड झालेला हा माणूस ५ लाख डॉलरवर खेळला.

वयाचा दाखला ही बाहेरच्या देशातल्या मुलांची डोकेदुखी. सही सोळाव्या वर्षापासून करता येते, म्हणून वय कमी दाखवायचा मोह. क्लीव्हलंडचा पिचर फाउस्टो कार्मोना जानेवारी २०१२ मध्ये सँतो डोमिंगोत पकडला गेला, खरं नाव रॉबर्तो हर्नांडेझ, वय तीन वर्षांनी जास्त. तेव्हापासून कागद फार बारकाईने तपासतात. व्हिसा पी वन, तो टीम करून देते.

भारतातला मुलगाही याच आंतरराष्ट्रीय गटात मोडतो, ड्राफ्टमध्ये नाही. २००८ मध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक करणाऱ्या पोरांना असंच घेतलं होतं, दोघंही मायनर लीगच्या वर गेले नाहीत.

आणि हे सगळे नियम मालक आणि युनियनमधल्या ज्या करारातले आहेत तो १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी संपला तेव्हा २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ लॉकआउट होता, म्हणजे मालकांनी टाळं लावलं होतं, सह्या बंद, इतक्या बंद की दुखापतीतून सावरणाऱ्या पिचरला टीमच्या डॉक्टरशीही बोलता येत नव्हतं. त्यामुळे त्याआधीच्या काही दिवसांत झुंबड उडाली, शेर्झर मेट्सकडे, गॉसमन टोरंटोकडे, रॉबी रे सिअ‍ॅटलकडे, तिघंही पिचर, सगळं लॉकआउट लागायच्या आत. डेट्रॉइटचा टॅरिक स्कुबल मध्ये नवा करार केला नाही तर नेमका २०२६ च्या सीझननंतर सहा वर्षं पूर्ण करून मोकळा होतोय, त्यामुळे त्या नोव्हेंबरमध्ये बातम्यांवर लक्ष ठेवायचं तर वर्ल्ड सिरीज संपल्यापासूनच ठेवा.