पार्श्वभूमी : आरोप उरले, पंच उठून गेले

27 ऑगस्ट 2025 रोजी गणेशचतुर्थी होती. नवी मुंबईत घरोघरी प्राणप्रतिष्ठेची गडबड चालू असताना सकाळी 9 वाजून 31 मिनिटांनी, म्हणजे वॉशिंग्टनच्या घड्याळात मध्यरात्र उलटून एक मिनिट झाले तेव्हा, अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा भारतीय मालावरचे जादा आयातशुल्क 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेले. त्या क्षणाआधी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी अमेरिकेच्या कस्टम्समधून सुटणारा माल तेवढा या वाढीतून वगळलेला होता. या नियमाचा अर्थ न्हावा शेवा बंदरावर काय होतो, ते उरणच्या बाजूला राहणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. समजा, एकाच ऑर्डरचे शर्ट दोन कंटेनरमध्ये भरले आहेत, दोन्हींना सील लागले आहे आणि दोन्हींची शिपिंग बिले झाली आहेत. एक कंटेनर आदल्या रात्रीच्या जहाजावर चढला आणि दुसरा यार्डात राहिला, तर बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरच्या, तारखेतल्या एका दिवसाच्या फरकाने दुसऱ्या कंटेनरवरचे जादा शुल्क दुप्पट होते.

या दुसऱ्या 25 टक्क्यांचे कारण शर्टांशी निगडित नव्हते. भारत रशियाकडून तेल घेतो आणि त्यातून युक्रेनमधल्या युद्धाला पैसा मिळतो, असा अमेरिकेचा आरोप होता. युरोप आणि अमेरिका स्वतः रशियाशी व्यापार करत असताना बोट फक्त आमच्याकडे का, असे भारताचे उत्तर होते. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. ते ऐकून निकाल देणारे कोणी नव्हते. माझ्या मते आजच्या जागतिक दुफळीतली मुख्य गोष्ट हीच आहे. देशांनी एकमेकांना दोष देणे जुनेच आहे, पण तो दोष पडताळणारी जी जागा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ, मोठ्या कष्टाने उभी केली होती, ती आपल्या डोळ्यांदेखत रिकामी झाली.

ही जागा का उभारावी लागली, ते समजण्यासाठी 1930 पर्यंत मागे जावे लागते. महामंदीच्या तोंडावर अमेरिकेत शेतकरी आणि कारखानदार परदेशी मालाला दोष देत होते. एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी लेखी विरोध करूनही राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी जूनमध्ये स्मूट-हॉली कायद्यावर सही केली आणि शेकडो वस्तूंवरची जकात वाढली. कॅनडाने आणि युरोपातल्या देशांनी उलट जकाती लावल्या. 1932 मध्ये ओटावा येथे ब्रिटिश साम्राज्याने आपल्या वसाहतींभोवती सवलतीच्या दरांचे कुंपण घातले आणि भारतही त्या कुंपणात ओढला गेला. 1929 ते 1933 या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य जवळजवळ एक-तृतीयांशावर आले. ही घसरण मुख्यतः मंदीमुळे झाली, सगळी जकातीमुळे नव्हे. पण प्रत्येक सरकारने दोष सीमेपलीकडे टाकल्याने सावरण्याचे रस्ते बंद झाले, हे खरे आहे.

त्या अनुभवातून 1944 च्या जुलैमध्ये युद्धानंतरच्या आर्थिक व्यवस्थेचे नियम ठरवायला अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स येथे 44 देश एकत्र बसले. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, म्हणजे उरण आज ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याचे सुपुत्र. युद्धकाळात ब्रिटनने भारताकडून घेतलेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या, रूपाने लंडनमध्ये अडकून पडले होते. तो प्रश्न भारताने तिथे मांडला, तेव्हा हा आपल्या दोघांतला व्यवहार आहे, असे सांगून ब्रिटनने तो परिषदेबाहेर ठेवला. म्हणजे ही बैठक पहिल्या दिवसापासून समान तराजूची नव्हती, आणि विकसनशील देशांचा तिच्यावरचा राग निराधार नाही. तरीही 1947 मध्ये जिनिव्हात गॅट या जकात आणि व्यापारविषयक करारावर सह्या करणाऱ्या 23 देशांत नुकताच स्वतंत्र झालेला भारत होता, कारण दुबळ्याला नियमांचा आधार बलवानापेक्षा जास्त लागतो.

गॅटमध्ये एक मोठी उणीव होती. निवाडा मान्य होण्यासाठी सर्वांची संमती लागे, म्हणून हरलेला देशच तो अडवू शकत असे. 1980 च्या दशकात अमेरिकेने जपानच्या मोटारींना दोष दिला, तेव्हा वाद पंचांपुढे नेण्याऐवजी जपानलाच निर्यात ‘स्वेच्छेने’ आवरायला लावली. मे 1989 च्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेने आपल्याच व्यापार कायद्यातल्या ‘सुपर 301’ या तरतुदीखाली जपान आणि ब्राझीलबरोबर भारताचे नावही अनुचित व्यापार करणाऱ्यांत घातले. त्याच आठवड्यात न्हावा शेवा बंदर सुरू झाले. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच, अशी ती तरतूद होती.

1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना आली आणि हे बदलले. निवाडा रोखायचा तर आता सगळ्यांची संमती लागू लागली, आणि वर सात सदस्यांचे अपील मंडळ बसले. प्रत्येक प्रकरण त्यांतले तिघे ऐकत. लहान देशांनी मोठ्यांविरुद्धचे दावे जिंकले.

मग चीन डिसेंबर 2001 मध्ये या संघटनेत आला. 2008 च्या जुलैत शेतकऱ्यांना आयातीपासून संरक्षण देण्याच्या मुद्द्यावर संघटनेची जिनिव्हातली बोलणी फिसकटली आणि अमेरिकेने भारताकडे बोट दाखवले. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि जगभर आर्थिक संकट आले. श्रीमंत देशांतल्या ज्या गावांतून कारखाने गेले, तिथला संताप खरा होता. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कंपन्या बंद होऊन तिथे टॉवर आणि आयटी पार्क उभे राहिलेले ज्यांनी पाहिले, त्यांना तो संताप ओळखीचा वाटेल. गेट बंद होण्यामागे तंत्र, जमिनीचे भाव, व्यवस्थापनाचे निर्णय आणि आयात अशी अनेक कारणे असतात; निवडणुकीच्या सभेत त्यांतले परदेशी कारणच बोलायला सोपे पडते.

अपील मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाते, अशी अमेरिकेची तक्रार ओबामांच्या काळापासून होती. 2017 पासून तिने एकही नवी नेमणूक होऊ दिली नाही. 11 डिसेंबर 2019 रोजी मंडळात एकच सदस्य उरला आणि काम थांबले. बायडेन सरकारनेही ही अडवणूक चालूच ठेवली.

याचा फायदा भारतानेही घेतला, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी उसाच्या एफआरपीसह (सरकारने ठरवलेल्या किमान दरासह) भारताच्या साखरधोरणाविरुद्ध तक्रार केली होती. डिसेंबर 2021 मध्ये संघटनेच्या पॅनेलचा, म्हणजे अपिलाआधीच्या पंचांचा, निर्णय भारताविरुद्ध गेला, तेव्हा भारताने अस्तित्वात नसलेल्या मंडळाकडे अपील केले. निर्णय तिथेच अडकला आणि महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला तेव्हा दिलासा मिळाला. त्याच रिकाम्या खुर्च्यांमुळे ऑगस्ट 2025 मध्ये भारताला दाद मागायला खात्रीची जागा उरली नाही. युरोपीय संघ आणि चीन यांच्यासह काही देशांनी 2020 मध्ये आपापसांत पर्यायी लवाद उभा केला, पण त्यात अमेरिका नाही आणि भारतही नाही.

अशा शुल्कांच्या कायदेशीरपणावर सुनावणी झाली, ती अमेरिकेच्याच न्यायालयांत. गणेशचतुर्थीनंतर दोन दिवसांनी, 29 ऑगस्टला, तिथल्या अपील न्यायालयाने ज्या कायद्याच्या आधारे अशी शुल्के लावली होती त्यात तो अधिकार बसत नाही, असा निकाल दिला आणि पुढच्या अपिलासाठी शुल्के तूर्त चालू ठेवली. त्या खटल्यातले वादी न्यूयॉर्कचा एक वाईन आयातदार, इतर काही छोटे व्यावसायिक आणि अमेरिकेतली राज्ये होती. उरणच्या यार्डात ज्याचा कंटेनर राहिला, तो त्या खटल्यात पक्षकार नव्हता.