संथ भाग आणि रखडलेला भाग

मोठ्या फँटसी मालिकेत एक भाग हमखास असा येतो की शेवटचं पान उलटल्यावर वाचणारा विचारतो, "यात झालं काय?" कर्वेनगरचा माझा भाचा अशा वेळी थेट मुद्द्यावर येतो: "मामा, हा सोडून पुढचा घेऊ का?" दर वेळी त्याला एकच उत्तर देता येत नाही, कारण 'बोअर झालं' या तक्रारीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. काही भाग संथ असतात आणि काही रखडलेले. दोन्हींची निराशा सारखीच वाटते, घोळ होतो तो तिथेच.

सवाई गंधर्वला नेमाने जाणाऱ्या पुणेकराला हा फरक कानाने कळतो. विलंबित ख्यालात बराच वेळ काही 'घडत' नाही, पण गवई एकेक स्वर खुला करत वर सरकतो आणि तार षड्ज लागतो तेव्हा तो कमावलेला असतो. दुसरा गवई तेवढाच वेळ घेतो, पण फिरून फिरून त्याच जागेवर येतो आणि मंडपातले लोक वडापावच्या स्टॉलकडे वळतात. घड्याळाने मोजाल तर दोघे सारखेच.

आता दोन बदनाम भाग शेजारी ठेवू. एक, रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम'चा दहावा भाग 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' (2003). दुसरा, जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेतला चौथा 'अ फीस्ट फॉर क्रोज' (2005). पुढे कथानक फुटणार आहे. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथेच थांबावं.

दोघांपुढे अडचण एकच होती: पात्रं फार झाली, धागे फार झाले, एका पुस्तकात मावेनात. जॉर्डनने काळ कापला. नवव्या भागाच्या शेवटी पुरुषांच्या जादूवरचा, ती वापरणाऱ्याला वेड लावणारा डाग धुऊन निघतो, ही अख्ख्या मालिकेतली एक प्रचंड घटना. दहावा भाग पुढे जाण्याऐवजी मागे येतो आणि ती घटना चालू असताना इतर मंडळी काय करत होती ते दाखवतो. कुणाला दूरवर अफाट शक्ती जाणवते, ते दचकतात, चर्चा करतात. मग दुसरं पात्र, पुन्हा तेच दचकणं. आपल्याला निकाल आधीच ठाऊक, त्यामुळे त्यांच्या कुतूहलात आपण सामील होऊ शकत नाही. नायक रँड तर जेमतेम डोकावतो.

रँडचा मित्र पेरिन, त्याचा धागा बघा. त्याची बायको आठव्या भागाच्या शेवटी पळवली जाते (1998) आणि सुटते अकराव्यात (2005). म्हणजे छापील पुस्तकाची वाट बघणाऱ्यांसाठी सात वर्षं ती कैदेत. मधल्या दहाव्या भागात पेरिन सो हाबोर नावाच्या गावी सैन्यासाठी धान्य घ्यायला जातो. धान्यात किडे निघतात. मग ते पाखडायचं काम. गाव भुताटकीचं आहे, वातावरण छान जमलंय, नाही असं नाही. पण प्रकरण संपतं तेव्हा पेरिनची बायको होती तिथेच असते.

मार्टिनने काळाऐवजी भूगोल कापला. अर्ध्या पात्रांची पूर्ण गोष्ट सांगायची, सगळ्यांची अर्धी नको, असा त्याचा निर्णय. पुस्तकाच्या शेवटी टिपेत त्याने तो स्वतः सांगितलाय. त्यामुळे जॉन, टिरियन, डेनेरिस या लाडक्या मंडळींचं एकही प्रकरण नाही. वाचक चिडले ते स्वाभाविक आहे. पाच वर्षं थांबायचं आणि ज्यांच्यासाठी थांबलो तेच गायब! पण ही गैरहजेरीची तक्रार झाली, गतीची नव्हे.

कारण ब्रिएन या लढवय्या बाईची प्रकरणं घ्या. ती सांसा नावाच्या हरवलेल्या मुलीला शोधत युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून हिंडते आणि भेटेल त्याला तेच विचारते: तेरा वर्षांची, तांबूस केसांची, मोठ्या घरची मुलगी पाहिलीत का? सांसा कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे, म्हणजे इथेही निकाल आधीच ठाऊक. तरी हे रखडत नाही. प्रश्न तोच, पण दर उत्तरातून युद्धाने सामान्य माणसाचं काय केलं ते थोडं थोडं उघडं होतं. वाटेत मेरिबाल्ड नावाचा अनवाणी धर्मोपदेशक भेटतो. सोबत कुत्रा, त्याचं नावही 'कुत्रा'च. पोरवयात हौसेने युद्धावर गेलेली मुलं पुढे लुटारू कशी होतात, हे तो चालता चालता सांगतो, आणि त्या मुलांमध्ये तो स्वतःही होता हे शेवटी कळतं. माझ्या मते मालिकेतल्या कुठल्याही लढाईपेक्षा ती दोन-तीन पानं भारी आहेत. अखेरीस ब्रिएनच्या गळ्यात फास असतो आणि तिला तलवार किंवा फास यांतलं एक निवडायचं असतं. निघाली तेव्हाची ब्रिएन आता उरलेली नाही.

म्हणून सारांश वाचून निवाडा करू नये. दोन्ही पुस्तकांचा सारांश अर्ध्या पानात बसेल. त्यापेक्षा एकेक पात्र घेऊन बघावं, सुरुवातीला ते जे करू शकलं असतं ते शेवटी करू शकेल का?

या कसोटीवर जॉर्डनचा भागही सरसकट नापास होत नाही. त्याच पेरिनने बायकोचा ठावठिकाणा काढायला एका कैद्याचा हात कुऱ्हाडीने तोडला आणि मग ती कुऱ्हाड झाडात रुतवून तो निघून गेला. कुऱ्हाड आवडायला लागेल त्या दिवशी फेकून दे, हा सल्ला त्याला पहिल्या भागात, 1990 साली मिळाला होता. तेरा वर्षांनी लागलेली अशी सम एरवी कौतुकाची. इथे ती पाखडलेल्या धान्याखाली गाडली गेली.

आज सगळे भाग एकदम हाताशी असणाऱ्यांना वाट बघण्याचा राग नसतो, त्यामुळे 'फीस्ट' आता अधिक आवडतो असं म्हणणारे बरेच भेटतात. दहावा भागही सलग वाचताना कमी बोचतो, कारण अकरावा लगेच उचलता येतो. पण दुसऱ्यांदा वाचताना मेरिबाल्डपाशी आपण मुद्दाम रेंगाळतो, सो हाबोरला मात्र पानं उलटत जातो.

भाच्याला सांगितलं ते असं: मार्टिनचा चौथा अजिबात सोडू नकोस, फक्त टिरियन येणार नाही हे धरून चाल. जॉर्डनच्या दहाव्यात पेरिनचं कुऱ्हाडीचं प्रकरण आणि एग्वेन या पात्राच्या धाग्याचा शेवटचा भाग नीट वाच, बाकीचं चाळलंस तरी अकराव्यात काही अडणार नाही.